व्हीलचेअरवर पूर्णवेळ असणाऱ्या ताईसाठी बेसा भागात घर: रॅम्प, बाथरूम, ओट्याची मापं कशी धरावी?

ओंकार_बेसा

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा भागात ३० × ५० फुटांच्या प्लॉटवर तळमजल्याचं घर बांधतोय. रस्ता पूर्वेला. घरात मोठी बहीण आणि आई राहणार. ताईला डी१० पातळीची, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याशी, इजा आहे. कमरेखाली संवेदना नाही, हात-खांदे मजबूत. उठल्यापासून झोपेपर्यंत ती व्हीलचेअरवरच असते आणि चेअर स्वतः चालवते. अकाउंट्सचं काम घरूनच करते, स्वयंपाकही तिला स्वतःच करायचा आहे. आईचं वय ६८, त्यामुळे उचलणं-धरणं आईवर येऊ द्यायचं नाही.

नकाशा मंजुरीला जायचा आहे, म्हणजे बदल करता येतील. सध्या असं आहे: जोतं रस्त्यापासून अडीच फूट वर, समोर १५ फूट लांब रॅम्प. सगळ्या दारांच्या चौकटी ३ फुटी. ताईच्या खोलीला लागून ५ × ८ ची बाथरूम आणि पॅसेजमध्ये ४ × ७ ची कॉमन. भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या. ओटा नेहमीच्या उंचीचा, "नंतर कापून देऊ" असं कंत्राटदार म्हणतो. घर आणि कुंपण यांच्यात उत्तरेला ५ फूट मार्जिन सुटतं, दक्षिणेला साडेतीन.

रॅम्प एवढा पुरेल का? बाथरूम किती मोठी हवी, आणि ती जागा कुठून काढायची? कमोडची उंची किती? एएसीच्या भिंतीत हँडल धरतील का? आत्ताच ठरवलं नाही तर पुढे फोडाफोड करावी लागेल, असं जे जे असेल ते सांगा.

आर्किटेक्ट_रामदासपेठ

ओंकार, मंजुरीआधी विचारलंत ते फार बरं झालं. या घराची आखणी बाथरूमपासून सुरू करा, हॉलपासून नाही. पण आधी रॅम्प, कारण तो सरळ धोक्याचा आहे.

अडीच फूट चढ आणि १५ फूट लांबी म्हणजे १:६. एवढ्या चढावर चेअरची पुढची चाकं उचलली जातात आणि चेअर मागे उलटते. उतरताना रिम हातात धरून वेग आवरत नाही. इमारती अपंगांना वापरता याव्यात म्हणून केंद्राने काढलेल्या २०२१ च्या हार्मोनाइज्ड गाइडलाइन्समध्ये १:१२ ही शेवटची मर्यादा आहे. ती सार्वजनिक इमारतींसाठी आहे, तुमच्या घराला कोणी विचारणार नाही, पण मापं वापरण्यासारखी आहेत. रोज स्वतः चेअर ढकलणाऱ्याला १:१५ द्यावा. डी१० च्या माणसाचे खांदे हेच त्याचे पाय असतात आणि ते झिजतात. ताईचे खांदे अजून तीस-चाळीस वर्षं टिकायला हवेत.

हिशोब असा. जोतं ७५० मिमी ठेवलं तर १:१२ ने ९ मीटर रॅम्प लागतो. तो साडेचार मीटरच्या दोन टप्प्यांत करा. खाली, मध्ये आणि वर दीड-दीड मीटरचे सपाट टप्पे धरले की एकूण साडेतेरा मीटर, म्हणजे ४४ फूट. तुमचा प्लॉट ५० फूट खोल आहे, तेव्हा उत्तरेच्या मार्जिनमधून गेटपासून मागे जाणारा सरळ रॅम्प बसतो. आता जोतं ६०० मिमीवर आणता आलं, तर त्याच साडेतेरा मीटरमध्ये १:१५ मिळतो. सहा इंचांनी एवढा फरक पडतो. म्हणून जोत्याची उंची सवयीने अडीच फूट लिहू नका. सिमेंट रस्ता झालेला असेल तर त्याच्या मधल्या उंच भागापासून मोजा. रस्ता अजून डांबरी किंवा मुरमाचा असेल तर उंची कमी करायची घाई नको, पुढे सिमेंटचा थर आला की रस्ता वर येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी लेआउटच्या घरांत पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवत असेल. व्हीलचेअरवरच्या माणसाला पाण्यातून घाईने बाहेर काढणं अवघड असतं, त्यामुळे पुराची पातळी आधी, रॅम्पची सोय नंतर.

रॅम्प वरच्या टप्प्यावर जिथे संपतो तिथेच घराचं मुख्य दार घ्या. पाहुणे समोरून पायऱ्यांनी आणि ताई मागच्या दाराने, असा नकाशा करू नका. प्रवेश उत्तरेच्या बाजूने, साधारण मागच्या तिसऱ्या भागात येईल. हॉल तिथे सरकवा आणि समोरची खोली ताईच्या कामाला द्या. पाच फुटांत दोन्ही बाजूंचे कठडे जाऊन सव्वाचार फूट मोकळं राहतं, तेवढं पुरतं. कठड्याला दोन नळ्या द्या, ९०० आणि ७६० मिमीवर. दोन्ही कडांना १०० मिमीची उभी पट्टी हवी, म्हणजे पुढचं चाक कडेवरून घसरत नाही. खालच्या टप्प्यात गेट रॅम्पकडे उघडता कामा नये, सरकतं गेट घ्या.

दारांबद्दल. ३ फुटी चौकट म्हणजे ३ फूट वाट नव्हे. अडीच इंची दोन पाय वजा करा, नव्वद अंशात उघडलेल्या पल्ल्याची जाडी वजा करा, हातात ७६०-७७० मिमी उरतात. चेअरची रुंदी ६१०-६६० आणि दोन्ही बाजूंना बोटांचे सांधे. सरळ गेलं तर निघतं, पॅसेजमधून वळून शिरताना बोटं सोलतात. चौकटी साडेतीन फुटी घ्या, ९०० मिमी वाट मिळते. पॅसेज ४ फूट, तोही प्लास्टर झाल्यावर. दार आपल्याकडे ओढून उघडायचं असेल तर कडीच्या बाजूला दीड ते दोन फूट मोकळी भिंत लागते. ती नसेल तर चेअर पल्ल्याच्याच वाटेत उभी राहते. कोपऱ्याला चिकटवून चौकट लावायची आपल्याकडची पद्धत इथे चालत नाही.

बाथरूम: दोन्हींचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर ६८ चौरस फूट होतात. एकच करा, आतून टाइल लागल्यावर साडेसात × आठ फूट. हे ६० चौरस फूट होतात, म्हणजे त्या दोन्हींच्या जागेतूनच निघतात. दार एक खोलीतून आणि एक पॅसेजमधून, म्हणजे आईलाही वापरता येईल. पाहुण्यांसाठी संडास हवाच असेल तर तो दक्षिणेच्या मार्जिनकडे वेगळा काढा. आत १५०० मिमी व्यासाचं वर्तुळ मोकळं बसलं पाहिजे. वॉश बेसिनखालची गुडघ्याची जागा त्या वर्तुळात थोडी धरता येते, कमोडची नाही. कमोडची मध्यरेषा बाजूच्या भिंतीपासून ४५० मिमी, दुसऱ्या बाजूला चेअर लावायला ९०० मिमी मोकळी जागा. कमोडच्या सीटची उंची ४८० मिमी धरा, चेअरच्या गादीच्या बरोबरीने.

ओटी_धंतोली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आर्किटेक्टसाहेबांचं बाकी सगळं पटलं. कमोडच्या उंचीचं मात्र एवढ्यात पक्कं करू नका.

ताई शौचाला कशी बसते, हा पहिला प्रश्न. मणक्याच्या इजेत शौचाला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. कमोडच्या कडक सीटवर एवढा वेळ बसलं तर संवेदना नसलेल्या कातडीवर दाबाची जखम होते. म्हणून बरेच जण मऊ सीटची, चाकांची शॉवर-कमोड चेअर वापरतात. पलंगावरून तिच्यावर बसायचं, ती तशीच कमोडवर सरकवायची, मग तिच्यावरच अंघोळ. एकदाच सरकावं लागतं. या पद्धतीत कमोड उंच असला की चेअरची फ्रेम वर जातच नाही. अशा चेअरच्या सीटखाली साधारण ४१० ते ४५० मिमी मोकळे असतात, मॉडेलप्रमाणे बदलतात. तेव्हा साधा ४०० मिमीचा कमोड, सीट आणि झाकण काढून, लागतो. पाठीमागे टाकी पुढे आलेली असेल तरी चेअरचं मागचं चाक अडतं. भिंतीतली टाकी आणि भिंतीला टांगलेला कमोड हा उत्तम उपाय. त्याची फ्रेम बसवतानाच उंची ठरवता येते.

उलट ताई व्हीलचेअरवरून थेट कमोडवर सरकत असेल तर ४५०-४८० बरोबर आहे. म्हणून आज तिला विचारा, चेअर मोजा, शॉवर-कमोड चेअर घेणार असाल तर आधी ती विकत घ्या आणि मग प्लंबरला उंची द्या. हा क्रम उलटा झाला की कमोड फोडावा लागतो.

मोजायचं ते असं. गादीवर ताई बसलेली असताना जमिनीपासून गादीचा वरचा भाग, गुडघ्याचा सर्वांत उंच बिंदू, कोपर, हात पुढे केल्यावर बोटांची पोच, हात वर केल्यावर पोच, पावलाच्या टोकापासून मागच्या चाकापर्यंत लांबी. रिकामी चेअर मोजून उपयोग नाही, गादी दोन-तीन सेंटिमीटर दबते. हे सहा आकडे एका कागदावर लिहून सुतार, मिस्त्री, प्लंबर तिघांनाही द्या.

पलंग. माणूस बसल्यावर दबलेल्या गादीची उंची चेअरच्या गादीएवढी हवी, फार तर एक सेंटिमीटर कमी-जास्त. खाली सामान ठेवायचा पेटीसारखा दिवाण बनवू नका. आज ताई स्वतः सरकते, पण खांदा दुखावला, ऑपरेशन झालं तर उचलण्याचं यंत्र म्हणजे होइस्ट लागतो. त्याचे पाय पलंगाखाली जायला निदान १५० मिमी मोकळे हवेत. पलंगाच्या एका बाजूला ५ फूट जागा.

ओटा "नंतर कापून देऊ" याला मुळीच होकार देऊ नका. ओट्याखालचे कडाप्प्याचे उभे पाय हेच आपल्या ओट्याचे आधार असतात, ते काढले तर वरचा दगड तडकतो. सुरुवातीलाच भिंतीत ४० × ४० च्या लोखंडी अँगलचे ब्रॅकेट घ्या आणि ३ फूट रुंदीचे दोन गाळे मोकळे सोडा: एक सिंकचा, एक शेगडीशेजारचा. वरची उंची ३२ इंच, म्हणजे ८१० मिमी. सिंक ५ इंचच खोल घ्या, तेव्हा त्याचा तळ ६८५ वर येतो आणि गुडघे जातात. नेहमीचं ८ इंची सिंक आणलं तर ते मांडीवर टेकतं. सिंकचं भोक मागच्या बाजूला असलेलं निवडा. ओट्याच्या पुढे तीन इंची ग्रॅनाइटची सजावटीची पट्टी लावायची पद्धत आहे, ती या दोन गाळ्यांवर नको, गुडघा तिथेच आपटतो आणि ताईला ते कळणार नाही.

शेगडीखाली गुडघ्याची जागा ठेवू नका. उकळतं वरण सांडलं तर ते संवेदना नसलेल्या मांडीवर पडेल आणि भाजल्याचं उशिरा लक्षात येईल. शेगडीचा गाळा खाली बंद ठेवा आणि तेवढाच दगड शेगडीच्या उंचीइतका, चारेक इंच, खाली उतरवा. म्हणजे बर्नरची जाळी आणि ओटा एका पातळीवर येतात. कुकर उचलायचा नाही, शेगडीवरून दगडावर आणि तिथून सिंककडे सरकवायचा. भांड्यात काय चाललंय तेही बसून दिसतं. पोळ्या लाटायला ८१० ची उंची जास्त होते, खांदे वर उचलावे लागतात. त्यासाठी ओट्याखालून बाहेर ओढता येणारी जाड फळी करा, वरची पातळी ६९० च्या आसपास, आणि लॉक होणारे चॅनल. लॉक नसले तर लाटण्याच्या जोराने फळी आत सरकते.

साइटइंजिनिअर_एमएच३१

माती आणि भिंतीचं बघू.

बेसा भागात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. घर कॉलमवर उभं असतं म्हणून हलत नाही, आणि रॅम्प मात्र भरावावर टाकलेला असतो. दोन-तीन पावसाळ्यांत रॅम्प खाली बसतो आणि दाराशी बरोबर एक इंचाची पायरी तयार होते. चालणाऱ्याला ती दिसतही नाही, चेअरची पुढची लहान चाकं तिथे अडकतात आणि माणूस पुढे फेकला जातो. त्यामुळे रॅम्प भरावावर नको. घराच्याच फुटिंगच्या खोलीपर्यंत छोटे कॉलम नेऊन वर आरसीसी स्लॅब टाका, वरचा टप्पा प्लिंथ बीमला बांधून घ्या. जाडी आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. भिंतीला चिकटून भराव नसल्यामुळे जोत्याला ओलही येत नाही. अगदीच भराव करायचा झाला तर काळी माती निदान ३ फूट काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, यंत्राने दाबून भरा.

एक गोष्ट नकाशात कुणी दाखवत नाही: उत्तरेच्या मार्जिनमध्ये ड्रेनेजचे चेंबर येतात. ते रॅम्पखाली गाडले गेले तर तुंबल्यावर रॅम्प फोडावा लागेल. बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या लाइनी दक्षिणेकडे काढा. साडेतीन फुटांत चेंबर आरामात बसतात.

रॅम्पवर पॉलिश ग्रॅनाइट, चकचकीत टाइल नको. काँक्रीट ओलं असताना झाडूने आडवे ओरखडे, बस. खोल खाचा पाडू नका, लहान चाकं थडथडतात. वर पत्र्याचं किंवा पॉलिकार्बोनेटचं छप्पर हवंच. उत्तर बाजू आहे म्हणून सावली मिळेल असं धरू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत नागपुरात दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. ४५ अंशांत स्टीलचा उघडा कठडा हातात धरवत नाही.

एएसीबद्दल. त्यात साधा फास्टनर बसतो आणि काही महिन्यांत ढिला होतो, कारण हँडलवर वजन सरळ खाली नाही तर झटक्याने बाहेर येतं. बाथरूमच्या चारही भिंतींत आरसीसीची पाटली घ्या, जमिनीपासून ६५० ते ९५० मिमी, म्हणजे एक फूट उंच पट्टा. आपल्या मिस्त्रींना पाटली टाकायची सवय आहे, फक्त उंची वेगळी सांगायची. मग हँडल आज कुठेही लावा, दहा वर्षांनी जागा बदला, मागे काँक्रीट आहेच. किंवा फक्त बाथरूमला फ्लायअॅश विटांची भिंत घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख असल्यामुळे त्या इथे सहज मिळतात. हँडल ३०४ स्टीलचं, ३२ ते ३८ मिमी जाड, भिंतीपासून ४० मिमी अंतरावर. अंतर जास्त ठेवलं तर हात घसरल्यावर कोपर आत अडकतं. अमेरिकेच्या एडीए, म्हणजे अपंगांसाठीच्या कायद्याच्या, मानकात हँडलने २५० पाउंड, म्हणजे जवळपास ११३ किलो भार झेलावा असं आहे. बसवल्यावर सिमेंटच्या दोन गोण्या दोरीने लटकवून बघा, जरा हललं तरी परत काढा.

पुढे छताला टांगायचा होइस्ट लागला तर त्यासाठी ताईच्या खोलीच्या आणि बाथरूमच्या वरच्या स्लॅबमध्ये पलंगाच्या वरच्या रेषेत लोखंडी प्लेट आधीच टाकून ठेवा. स्लॅब पडल्यावर तो खर्च कितीतरी पट होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जमिनीवर फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखणी झाली की लगेच पाया खोदू नका. बाथरूम, पॅसेज आणि ताईच्या खोलीच्या रेषेवर विटांचा एक थर कोरडाच मांडा. प्लास्टर आणि टाइलचे मिळून दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत धरून मांडा, नाहीतर विटांत बसलेली चेअर टाइल लागल्यावर बसणार नाही. जमीन उंचसखल असेल, म्हणून खाली प्लायवूडचे तुकडे टाका. ताईला तिथे चेअर फिरवू द्या: पॅसेजमधून आत, कमोडच्या बाजूला, मागे, बाहेर. जिथे तिला तीन-चारदा मागेपुढे करावं लागेल तिथली वीट सरकवा. विटा सरकवायला पाच मिनिटं लागतात.

नळजोड_सक्करदरा

बाथरूमचा ढाळ. उंबरठा नको म्हणता आणि पाणीही बाहेर यायला नको, तर स्लॅब टाकतानाच बाथरूमची जागा खाली घ्यावी लागते. दारापासून आतले पहिले ३ फूट १:१०० ढाळ, म्हणजे ९ मिमी. पुढचे ५ फूट अंघोळीची जागा, तिथे १:६०, म्हणजे २५ मिमी. एकूण ३४ मिमी खाली जायचं आहे, शिवाय वॉटरप्रूफिंग, कोबा, पाइप. सनकेन, म्हणजे हा खाली घेतलेला खोलगट भाग, किमान ८-९ इंच द्या. नेहमीच्या एका कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपकडे चारही बाजूंनी ढाळ केला तर शॉवर चेअर तिरपी उभी राहते आणि ब्रेक लावूनही सरकते. त्यापेक्षा दाराच्या समोरच्या भिंतीलगत लांब चॅनल ट्रॅप, आणि ढाळ एकाच दिशेने. जाळीच्या फटी १२ मिमीपेक्षा मोठ्या नकोत. टाइल लावण्याआधी तीन दिवस पाणी भरून ठेवा.

टाइल आर११ दर्जाची (न घसरण्याचं माप) मॅट घ्या. दुकानात "अँटिस्किड" म्हणून देतात त्यातल्या बऱ्याच साबणाच्या पाण्यात निसरड्या होतात. एक नमुना ओला करून, साबण लावून, तळहात दाबून सरकवून बघा.

आता गरम पाणी. नागपूरसाठी हा मुद्दा मिक्सरपेक्षा मोठा आहे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं "थंड" पाणीच दुपारी अंगाला चटका देतं. ताईला पायावर ते कळणार नाही. थर्मोस्टॅटिक मिक्सर ३८ वर लावला तरी तो गरम पाण्यात थंड मिसळूनच तापमान आणतो. थंड लाइनच तापलेली असेल तर तो काही करू शकत नाही. म्हणून टाकी पांढरी, तीन थरांची, वर शेड, आणि गच्चीवरून येणाऱ्या पाइपला इन्सुलेशन. बाथरूमची थंड लाइन शक्य असेल तर जमिनीखालच्या टाकीवरून छोट्या प्रेशर पंपाने घ्या, ते पाणी मे महिन्यातही निवलेलं असतं. मग थर्मोस्टॅटिक मिक्सरचा उपयोग होतो. तरीही पाणी आधी हातावर, मग पायावर.

वॉश बेसिनखालचा गरम पाण्याचा पाइप आणि बॉटल ट्रॅप मागे भिंतीकडे वळवा आणि फोमची नळी चढवा, गुडघा तिथे टेकतो. बेसिनची वरची कड ८०० मिमी, खाली ७०० मोकळे. कमोडजवळचा जेट ताईच्या चांगल्या हाताच्या बाजूला, सीटच्या थोडा पुढे. पाठीमागे लावला तर वळून घेताना तोल जातो. टांगलेल्या कमोडची फ्रेम घेणार असाल तर ती थेट काँक्रीटला बोल्ट करा, एएसीला नाही.

ओंकार_बेसा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईला विचारलं, ती शॉवर-कमोड चेअरच वापरते, सीटखाली ४२० मिमी मिळतात. म्हणजे ४०० चा टांगलेला कमोड.

अजून तीन गोष्टी. कंत्राटदार म्हणतो एवढा रॅम्प करण्यापेक्षा लिफ्ट टाका. आईला मुख्य दाराला जाळीचं दार हवंच आहे, डास फार आहेत. आणि कूलर कुठे ठेवायचा, कारण खिडकीसमोर ट्रॉली ठेवली की ताईच्या खोलीतली वाट जाते.

आर्किटेक्ट_रामदासपेठ

लिफ्ट रॅम्पच्या ऐवजी नको, फार तर जोडीला. दोन फुटांसाठी उभा चढणारा प्लॅटफॉर्म मिळतो, ११०० × १४०० चा घ्यावा लागेल, जागा कमी खातो. पण वीज गेली, मोटर बिघडली तर ताई घरात अडकते. बॅटरीवर खाली उतरण्याची सोय असली तरी बिघाडाचं काय? शिवाय लिफ्टला परवानगी आणि वेळोवेळी तपासणी आली. रॅम्पला काहीच लागत नाही.

जाळीचं दार ही खरी अडचण आहे आणि आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात ती असते. लाकडी दार आत उघडतं, जाळीचं बाहेर. चेअरवरून जाळीचं दार ओढायला मागे सरकावं लागतं, आणि मागे रॅम्पचा उतार. वरचा टप्पा दीड मीटरचा ठेवला तरी पल्ला त्यातला मीटरभर खातो. त्यामुळे जाळी सरकती करा: चुण्यांची, घडी होणारी प्लीटेड जाळी मिळते, तिची खालची पट्टी ५ मिमीच्या आत असते आणि एका बोटाने सरकते. ती बसवायला चौकटीत दोन इंचांची खाच लागते, सुताराला आत्ताच सांगा. लाकडी दाराला बाहेरून, बिजागरीच्या बाजूपासून सुरू होणारी आडवी दांडी ९०० वर लावा, म्हणजे ताई बाहेर पडल्यावर वळल्याशिवाय दार ओढून घेऊ शकते. पल्ल्याच्या खालच्या ४०० मिमीला स्टीलचा पत्रा, फूटरेस्टचे घाव तिथेच बसतात.

साइटइंजिनिअर_एमएच३१

कूलर खोलीत नकोच. खिडकीच्या बाहेर, दक्षिणेच्या मार्जिनमध्ये लोखंडी स्टँडवर ठेवा आणि भिंतीत त्याच्या तोंडाच्या मापाचं वेगळं भोक ठेवा. खिडकी खिडकीच राहते, उघडता येते. पाण्याला फ्लोट वॉल्व्हची लाइन आणि खालून निचऱ्याचा पाइप चेंबरपर्यंत. बादल्या ओतायचं काम आईवर येत नाही आणि खोलीच्या फरशीवर पाणी सांडत नाही. पंप आणि पंख्याची दोन वेगळी बटणं पलंगाजवळ आणि कामाच्या टेबलाजवळ, दोन्हीकडून चालू-बंद होतील अशी वायरिंग. हवा सरळ पलंगावर सोडू नका, गादीचं कापड सतत दमट राहिलं की कातडी मऊ पडते आणि जखमेला सुरुवात होते. हिवाळ्यात त्या भोकाला आतून झाकण हवं, तेही बसून उघडता येईल अशा उंचीवर, म्हणजे भोकाची खालची कड ७५० च्या आसपास.

बटणं सगळीकडे ९०० ते १००० वर, प्लगचे सॉकेट फूटभर उंचीवर न घेता दोन फुटांवर. डीबीचा, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीचा, वरचा स्विचही १२०० च्या खाली. इन्व्हर्टरच्या लाइनवर पंखे-दिव्यांसोबत बाथरूमचा दिवा, प्रेशर पंप आणि कूलर घ्या. त्या हिशोबाने बॅटरी मोठी लागेल, इलेक्ट्रिशियनकडून लोड काढून घ्या.

ओटी_धंतोली

बटणाबद्दल एक जोड. बाथरूममध्ये दोरीचं किंवा जमिनीपासून ३०० मिमीवरचं घंटीचं बटण एक तरी लावा, आईच्या खोलीत वाजेल असं. चेअरवरून खाली पडलेल्या माणसाचा हात ९०० पर्यंत पोचत नाही.